दोन धारांमधली बोट

ज्या जागेबद्दल मी लिहिणार आहे तिथे मी कधी गेलेलो नाही, आणि जाईन असंही आता वाटत नाही. म्हणून आधी माफी मागतो. त्या नदीत जाळी टाकणारे लोक आहेत, त्या डोंगराच्या पायथ्याशी पिढ्यान्‌पिढ्या राहणारे लोक आहेत. हे लिहायचं तर त्यांनी लिहावं. मी सिंगापूरमध्ये भूगोल शिकणारा एक विद्यार्थी. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला, आणि शाळेतल्या निबंधानंतर मराठीत सलग असं काही लिहिलेलं नाही. वाक्यं अडखळतील. जे मला नीट समजलेलं नाही तेही मी लिहिणार आहे, कारण ते वगळलं तर सांगण्यासारखं फारसं उरत नाही.

नावं मात्र लिहिणार नाही. नदीचं, डोंगराचं, दोन्ही देशांचं, बोटीचं, कुणाचंच नाही. प्रकरण अजून मिटलेलं नाही आणि नावं बाहेर गेली की नेमका कुणाला त्रास होईल सांगता येत नाही, असं मला एका माणसाने पहिल्याच भेटीत बजावलं होतं. एवढं सांगतो की आफ्रिकेचा पश्चिम किनारा जिथे वळून दक्षिणेकडे जायला लागतो, त्या कोपऱ्यात एक मोठा ज्वालामुखी थेट समुद्राच्या काठावर उभा आहे. त्याच्या वायव्येला एक नदी समुद्राला मिळते. नदीच्या अलीकडे एक देश, पलीकडे दुसरा.

माझे बाबा त्या नदीच्या मुखाबाहेर एका बोटीवर अडकले होते.

बाबा बोटीवर फिटर आहेत. इंजिनातलं जे तुटेल ते वेल्डिंग करून, घासून, पुन्हा बसवायचं, हे त्यांचं काम. आमच्या खाडीकाठच्या गावात घरटी एक माणूस तरी बोटीवर असतो, त्यामुळे वडील घरी नसणं ही मला लहानपणी काही विशेष गोष्ट वाटत नसे. ते सुट्टीवर आले की मला उलट थोडं अवघडल्यासारखं व्हायचं. आम्ही एकमेकांशी फार बोलत नव्हतो. ते विचारायचे, ‘अभ्यास?’ मी म्हणायचो, ‘चाललाय.’ शिष्यवृत्ती मिळून मी सिंगापूरला आलो तेव्हा त्यांनी बोटीवरून फोन केला आणि म्हणाले, ‘त्या बंदरात मी कितीदा आलो, पण गेटाबाहेर कधी पडलो नाही. तू बघून घे सगळं.’

ती बोट म्हणजे एक जुना, लहान टँकर. माल उतरवायला बंदरात जागा मिळेपर्यंत तिने नदीच्या तोंडाशी नांगर टाकला होता. तेवढ्यात मालकाचा धंदा बुडाला. आधी एजंटाचा फोन लागेनासा झाला, मग डिझेल आणि पाणी घेऊन येणारी लाँच यायची थांबली. कॅप्टन आणि बरेचसे लोक, एजंट फोन उचलत होता तोवरच घरी गेले होते. बोटीवर चार माणसं उरली, त्यांत बाबा.

हे मला एकदम कळलं नाही. ते तुकड्यातुकड्याने कळत गेलं, दुपारच्या फोनवर. बोटीवर जनरेटर फक्त सकाळी थोडा वेळ चालवत, तेवढ्यात सगळे फोन चार्ज करून घेत. तिथली सकाळ म्हणजे इथली दुपार. मी क्वीन्सटाउनला एका जुन्या ब्लॉकमध्ये खोली घेऊन राहतो. खालीच हॉकर सेंटर आहे. वर्ग नसला की मी तिथे जेवायला जायचो आणि बाबांचा फोन तिथेच यायचा. चिकन राइसची ताटली समोर, बाजूच्या टेबलावर म्हाताऱ्या बायका मोठमोठ्याने बोलत असलेल्या, वरून पंख्याचा आवाज. मी एका कानावर हात ठेवून ऐकायचो.

असाच एकदा फोन आला. ‘आज डोंगर दिसला,’ ते म्हणाले.

‘कुठला डोंगर?’

‘अरे कुठला म्हणजे! इथं एकच आहे. रात्री धो धो पडला, सकाळी बघतो तर समोर. पोटाला ढग, आणि डोकं वर काढलेलं. आपला सगळा घाट त्याच्या कुशीत मावेल.’

‘आधी कधी बघितला नव्हता?’

‘सगळी नोकरी खाली इंजिनात गेली माझी. डोंगर बघायला वेळ कुणाला होता? आता इंजिन मेलंय, म्हणून बसतो वर जाऊन.’ मग त्यांनी विचारलं, ‘तू भूगोल शिकतोस ना रे?’

‘हो.’

‘मग सांग बघू, तुझा बाप आत्ता कुठल्या देशात आहे?’

मला हसू आलं. ते म्हणाले, ‘हसू नको. इथं कुणालाच माहीत नाही. सकाळी फोनवर एका देशाचा मेसेज येतो, आपले स्वागत आहे. भरतीला बोट फिरली की दुसऱ्या देशाचा येतो, आपले स्वागत आहे. स्वागत दोघं करतात. उतरवून कोण घेत नाही.’

मी त्यांना तेव्हा म्हणालो की शोधून सांगतो. ते अगदी सहज म्हणालो होतो.

त्या सत्रात मला पदवीच्या शेवटच्या प्रकल्पासाठी विषय निवडायचा होता. मी सिंगापूरच्या पाणथळ जागांवर काही करणार होतो. त्याऐवजी मॅडमना जाऊन सांगितलं की मला एका सीमेवरच्या नदीचं मुख अभ्यासायचं आहे. मॅडम इथल्याच, चिनी घरातल्या, बोलायला कमी आणि नीट ऐकून घेणाऱ्या. त्यांनी विचारलं, ‘हीच नदी का?’ मी म्हणालो की ज्वालामुखीच्या पायथ्याशी असल्यामुळे गाळ खूप येतो, पात्र सरकत असतं, आणि सीमा पात्रावर ठरलेली आहे. हे सगळं खरंच होतं. बाबांबद्दल मी काही बोललो नाही. सहानुभूती मागितल्यासारखं झालं असतं, असं मला वाटलं.

मग मी वाचायला लागलो. त्या डोंगराच्या समुद्राकडच्या पायथ्याला जगातल्या सर्वांत जास्त पावसाच्या जागांपैकी एक आहे. ढग समुद्रावरून येतात आणि त्या कातळावर रिकामे होतात. लाव्हा अजूनही येतो. काही वर्षांपूर्वी तो किनाऱ्यालगतच्या रस्त्यापर्यंत आला होता. जमीन काळी आणि फार सुपीक, म्हणून तिथे केळीचे आणि पाम तेलाचे मोठे मळे आहेत आणि नदीपलीकडच्या देशातून माणसं पूर्वीपासून तिथे कामाला येत आली आहेत. नदीच्या मुखाशी खारफुटी. तिच्यात इतके फाटे की नकाशा बघून केसांचा गुंता आठवतो. फाट्यांच्या काठाला खांबांवरच्या झोपड्या, तिथे कोळी लोक धुरावर कोळंबी वाळवतात. त्यांची होडकी दिवसातून कितीदा तरी एका देशातून दुसऱ्या देशात जातात आणि त्यांना कुणी काही विचारत नाही. बाबांच्या बोटीला पाणी आणि मासे त्यांनीच पुरवले. तेवढ्यावर ती चार माणसं जगत होती.

सीमा त्या लोकांनी ठरवलेली नाही. फार पूर्वी दोन युरोपीय सत्तांनी तह केला, त्यात लिहिलं की सीमा नदीच्या सर्वांत खोल धारेवरून जाईल. कागदावर हे वाक्य फार स्वच्छ दिसतं. मी ते माझ्या टेबलासमोर भिंतीवर चिकटवलं होतं. मला वाटलं, सर्वांत खोल धार शोधायची, तिच्यावर रेघ मारायची, बोट रेघेच्या कुठल्या बाजूला आहे ते बघायचं. मग त्या देशाला सांगायचं की ही चार माणसं तुमच्या पाण्यात आहेत, यांना उतरवून घ्या.

उपग्रहाच्या साध्या चित्रांचा उपयोग नव्हता. तिथे सदा ढग. म्हणून मी रडारची चित्रं घेतली, ती ढगातूनही निघतात. त्यांत पाणी काळं दिसतं, जमीन राखाडी आणि बोटी पांढऱ्या. लोखंडावरून रडारच्या लहरी जोरात परत येतात म्हणून. पहिलंच चित्र उघडलं तेव्हा नदीच्या तोंडाबाहेर काळ्या पाण्यात एक पांढरा दाणा होता. मी पुढचं चित्र उघडलं, त्यातही होता. त्याच्या पुढच्यातही. बाकीच्या बोटी येत होत्या, जात होत्या. तो दाणा तिथेच, फक्त कधी थोडा डावीकडे, कधी थोडा उजवीकडे. नांगराभोवती फिरत होता.

तेव्हा मी प्रयोगशाळेत होतो. बाजूच्या मुलीने विचारलं की काही झालंय का. मी नाही म्हणालो.

आमच्या कामाची एक पद्धत आहे. पाण्याची आणि वाळूची खरी जागा कळावी म्हणून अनेक दिवसांची चित्रं एकावर एक ठेवून सरासरी काढतात. असं केलं की आल्यागेल्या बोटी आपोआप नाहीशा होतात. माझ्याही चित्रातून सगळ्या गेल्या. फक्त बाबांची बोट गेली नाही. तिचा एक फिकट, वाटोळा डाग झाला, पाण्यातून नुकतीच वर येत असलेल्या वाळूसारखा.

मॅडमनी तो बघितला आणि स्क्रीनवर बोट ठेवलं. ‘इथे नवीन बेट तयार होतंय का?’

‘नाही मॅडम. ती बोट आहे.’

‘इतके महिने एकाच जागी?’

‘हो.’

‘मग बुडालेली असेल.’

‘नाही,’ मी म्हणालो. ‘वर माणसं आहेत.’

त्यांनी माझ्याकडे बघितलं. पुढे काही विचारतील असं मला वाटलं, पण त्या म्हणाल्या की काहीही असलं तरी हा डाग आपल्या निष्कर्षात घोटाळा करेल, तो पुसून घे. त्या बरोबर होत्या. मी त्या डागाभोवती चौकोन काढला आणि आतली जागा पाण्याच्या रंगाने भरली. एका मिनिटाचं काम. नंतर मी खाली जाऊन बसस्टॉपवर बसलो. तीन बस सोडल्या.

ज्यांनी मला नावं न घ्यायला सांगितलं ते काका हार्बरफ्रंटला एका ऑफिसात काम करतात. बोटींवर माणसं पाठवायचं, त्यांच्या दुरुस्तीचं बघायचं, असं काम. पूर्वी ते स्वतः बोटीवर चीफ इंजिनिअर होते आणि बाबा त्यांच्या हाताखाली होते. अलिबागकडचे. आईने कुणाकुणाला विचारून त्यांचा नंबर मिळवला होता. ते मला जेवणाच्या सुट्टीत भेटायचे, फेरी टर्मिनलच्या बाजूला एका कॉफीच्या दुकानात. तिथून इंडोनेशियातल्या बातामला जाणाऱ्या फेरीबोटी सुटताना दिसतात, माणसं सामान घेऊन रांगेत उभी असतात, पासपोर्टवर शिक्का मारून घेतात आणि दुसऱ्या देशात जातात. मी ते बघत बसायचो.

‘नीट समजून घे,’ काका म्हणाले होते. ‘बोट अशी सोडून देता येत नाही. वर काही माणसं असावीच लागतात, नाहीतर वादळात ती कुणाच्या तरी अंगावर जायची. त्यामुळे तुझे बाबा दोनच प्रकारे उतरणार. एक तर त्यांच्या जागी दुसरा माणूस चढला पाहिजे. रिलीव्हर. माणसाला माणूस दिला की मोजणी तीच राहते, मग कुठलंही बंदर हरकत घेत नाही. पण मालकच नाही तर रिलीव्हर पाठवणार कोण?’

‘आणि दुसरं?’

‘दुसरं म्हणजे दोघांपैकी एका बंदराने म्हणायचं की बोट आमची जबाबदारी. मग ते आपली माणसं वर ठेवतील आणि यांना सोडतील. पण हा म्हणतो तिकडची, तो म्हणतो इकडची.’

‘मी नकाशा करतोय,’ मी म्हणालो. ‘त्यावरून सांगता येईल.’

काकांनी कॉफी ढवळली. ‘कर. माझ्या ओळखीचा एक जण खलाशांच्या कामांसाठी दोन्ही बंदरांत पत्रं पाठवतो. त्याला देऊ. पण हे बघ, परीक्षेचं उत्तर लिहू नको. एकच रेघ हवी. जाड, लाल. साहेब लोकांना खाली बारीक अक्षरात लिहिलेलं वाचायला वेळ नसतो.’

रेघ एक निघाली नाही.

ओहोटीच्या वेळची चित्रं वेगळी काढल्यावर मुखाशी मधोमध एक लांबट वाळूचा पट्टा उघडा पडलेला दिसला. डोंगराकडच्या उपनद्यांनी आणलेला गाळ. तो पट्टा नदीचं पाणी दोन धारांत फोडत होता, एक पश्चिमेकडून, एक पूर्वेकडून. एका वर्षी ही खोल वाटे, पावसानंतर ती. बोट बरोबर मध्ये होती, पट्ट्याच्या टोकासमोर. सीमा पश्चिमेच्या धारेवर धरली तर बोट पूर्वेच्या देशात, पूर्वेच्या धारेवर धरली तर पश्चिमेच्या देशात.

मॅडमना फार आनंद झाला. मी त्यांना इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. त्या म्हणाल्या, सीमा ज्या गोष्टीवर उभी आहे तीच दोन आहेत, हा तुझ्या प्रकल्पाचा गाभा आहे, हे छापण्यासारखं आहे. मी आभार मानले. तेव्हा मला सांगावंसं वाटलं आणि मी सांगितलंही, की त्या बोटीवर माझे वडील आहेत. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी खुर्ची माझ्याकडे ओढली आणि म्हणाल्या की हवी तेवढी मुदत वाढवून देते. मला मुदत नको होती. मला एक रेघ हवी होती, आणि ती देणं त्यांच्याही हातात नव्हतं.

शेवटी मी पश्चिमेच्या धारेवर रेघ मारली. ओहोटीच्या बहुतेक चित्रांत तीच खोल दिसत होती, त्यामुळे ते खोटं नव्हतं. जाड, लाल. बोटीचा दाणा परत ठेवला. पूर्वेच्या देशाच्या बाजूला.

नकाशा काकांकडे दिला. बरेच दिवस उत्तर नाही. मग काकांनी बोलावलं आणि मोबाइलवर आलेलं पत्र दाखवलं. पूर्वेच्या बंदराने कळवलं होतं की त्यांच्या माहितीनुसार सीमा पूर्वेच्या धारेवरून जाते, बोट शेजारच्या देशात आहे. सोबत त्यांचा स्वतःचा नकाशा होता. तो माझ्यापेक्षा चांगला होता. दोन्ही धारा त्यात होत्या, पाण्याची खोलीही होती. काका म्हणाले की पश्चिमेवाल्यांकडेही असाच एक आहे, त्यात ते दुसरी धार धरतात.

‘म्हणजे त्यांना आधीपासून माहीत होतं,’ मी म्हणालो.

‘असणारच. बंदर त्यांचं आहे.’

‘पण देश तर जमिनीसाठी भांडतात ना? हे दोघंही ती जागा दुसऱ्याला देतायत.’

काका हसले, पण बरं वाटेल असं ते हसणं नव्हतं. ‘देश नाही बोलत आहेत, बाळा. बंदरातला साहेब बोलतोय. उद्या तिथे तेल लागू दे, बघ कशी दोघांची रेघ उलटी फिरते. आज तिथे काय आहे? एक गंजलेली बोट आणि चार भुकेली माणसं. ती कुणाला हवीत?’

त्या दिवशी मी क्वीन्सटाउनपर्यंत चालत आलो. वाटेत काय विचार करत होतो ते आता आठवत नाही. एवढं आठवतं की एका ब्लॉकच्या खाली मुलं बॅडमिंटन खेळत होती, आणि मला त्यांच्या कोर्टाच्या रेषांचासुद्धा राग आला होता.

बाबांना सांगायचं होतं. त्यांचा फोन आला तेव्हा मी सगळं सांगितलं, वाळूचा पट्टा, दोन धारा. ते ऐकत होते.

‘म्हणजे मी मध्येच आहे,’ ते म्हणाले.

‘हो.’

‘ते मला माहीतच होतं रे. ओहोटीला पुढं वाळू दिसते. कुक म्हणतो तिच्यावर उतरून क्रिकेट खेळू.’ मग ते खोकले. ‘तुझे मार्क तरी मिळाले ना चांगले?’

‘मिळतील.’

‘मग झालं. काहीतरी तर झालं.’

हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. टोमणा असता तर मला सोसला असता.

पुढे कोरडे महिने आले. त्या भागात तेव्हा वाळवंटाकडून बारीक धूळ घेऊन वारा येतो आणि महिनाभर, कधी जास्त, आकाश पांढुरकं होऊन राहतं. डोंगर दिसायचा बंद झाला. बाबा त्याच्याबद्दल बोलायचे थांबले, आणि मग दुसरं बोलायलाही काही नव्हतं. कुकला ताप येऊन गेला, मग बाबांना आला. फोनवर आवाज असा यायचा जणू ते झोपून बोलत आहेत. मी विचारायचो, ताप किती आहे? ते म्हणायचे, थर्मामीटर फुटलाय. डिझेल संपत आल्यामुळे जनरेटर एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा. फोन तुटला की मी पुन्हा लावायचो नाही. त्यांची बॅटरी संपेल म्हणून.

रडारचं नवीन चित्र आलं की मी ते उघडायचो. प्रकल्प केव्हाच देऊन झाला होता, चांगले मार्क मिळाले होते. दाणा असायचा. त्यावरून एवढंच कळायचं की लोखंड अजून पाण्यावर आहे. त्यावर कोण उभं आहे, कोण आडवं पडलंय, हे कुठल्याच उपग्रहाला दिसत नाही. मी त्या जागेचा खडक शिकलो, पाऊस शिकलो, तह पाठ केला. तिथली ओहोटी केव्हा लागेल हे मी क्वीन्सटाउनला बसून सांगू शकत होतो. आणि एका माणसाला तिथून हातभर हलवू शकत नव्हतो. शिकलं की माणसाच्या हातात काहीतरी येतं, असं आमच्या घरात सगळे मानत होते, बाबा सगळ्यांत जास्त. मला ते त्यांना खोटं आहे म्हणून सांगायचं नव्हतं. पण मला स्वतःला ते खरं वाटेनासं झालं.

आई रविवारी फोन करायची. ती बाबांबद्दल सरळ कधी विचारत नसे. ‘काही कळलं?’ एवढंच. मी म्हणायचो, नाही. मग ती गावातलं काहीबाही सांगायची. लोक विचारतात, कुठल्या बोटीवर आहेत, कधी येणार. मी काकांचं ऐकून तिला पढवून ठेवलं होतं की बोटीचं नाव कुणाला सांगायचं नाही, अडकलेत असंही सांगायचं नाही. ती म्हणायची, ‘मी सांगते, आफ्रिकेत आहेत, काम लांबलंय. खोटं कुठं आहे त्यात?’

एका दुपारी काकांचा फोन आला. मी बुओना व्हिस्टा स्टेशनवर मेट्रो बदलत होतो, सरकत्या जिन्यावर होतो.

‘तुझे बाबा उतरले,’ ते म्हणाले. ‘लाँचने किनाऱ्यावर आणलंय. ताप आहे, पण चालत उतरले. चार दिवसांत घरी पोचतील.’

मी जिन्याच्या टोकाशी तसाच उभा राहिलो. मागून लोक ‘एक्सक्यूज मी’ म्हणत बाजूने जात होते. मी विचारलं, कुठल्या देशाने घेतलं?

‘कुणीच नाही. बोट कुणीतरी भंगाराच्या भावात विकत घेतली. त्याने मुंबईहून माणसं पाठवली. रिलीव्हर चढले, हे उतरले.’

‘आणि बोट?’

‘तिथेच आहे. ती कुठे जाणार?’

‘इंजिन तर बंद आहे, काका.’

‘हो.’

‘मग जे चढलेत त्यांना माहीत आहे का?’

‘त्यांना सांगितलं असेल की बोट दुरुस्तीला न्यायची आहे, महिन्याभराचं काम. असंच सांगतात.’ मग काका म्हणाले, ‘हे बघ, आज तुझे बाबा उतरलेत. आज तेवढंच धर. आईला फोन कर.’

मी फलाटाच्या कडेला गेलो आणि आईला फोन लावला. ‘आई, बाबा उतरले,’ मी म्हणालो.

‘माहीत आहे मला,’ ती म्हणाली. ती रडत नव्हती, हसतही नव्हती.

‘बाबांचा फोन आला?’

‘नाही रे.’

‘मग?’

तिने आधी दार लावल्याचा आवाज आला. मग ती हळू बोलायला लागली. खाडीच्या पलीकडच्या गावातली एक बाई, तिचा नवराही फिटर. गुडघा धरल्यामुळे दोन वर्षं घरी बसून होता, कुठली बोट त्याला घेत नव्हती. मागच्या आठवड्यात ती बाई आमच्या घरी पेढे घेऊन आली. मुंबईच्या एजंटाने काम दिलं होतं. तिने बोटीचं नाव सांगितलं, दोनदा सांगितलं, नीट पाठ केलेलं.

‘तीच?’ मी विचारलं.

‘तीच.’

‘तू तिला काही...’

‘तिने मला विचारलं, वहिनी, तुमचे हे आफ्रिकेत असतात ना, मग यांच्याबरोबर काय काय देऊ? मी म्हटलं, पांघरूण नको, तिथं उकडतं. तापाच्या गोळ्या द्या. जास्त द्या.’

गाडी आली, दारं उघडली, बंद झाली, गेली. आवाज कमी झाल्यावर मला ऐकू आलं की आई अजून बोलतेच आहे.

‘आज सकाळी ती जेटीवर भेटली. लांबूनच हात केला मला. म्हणाली, पोचले हो, सुखरूप चढले बोटीवर. तेव्हा मला कळलं की तुझे बाबा उतरले.’